ढेकूण आणि गृहस्थाची अहिंसा

अहिंसेची मीमांसा भारतीय ग्रंथांत बहुधा मोठ्या प्रसंगांच्या निमित्ताने झालेली आहे. यज्ञातील पशू, रणांगणावरील आप्त, शिकाऱ्याचा बाण आणि मांसाहार हे तिचे नेहमीचे विषय होत. ज्या गृहस्थाने कधी पशू मारलेला नाही, शस्त्र उचललेले नाही आणि मांस खाल्लेले नाही, त्याला मात्र हा प्रश्न रात्रीच्या अंथरुणात भेटतो, आणि तेथे नेहमीची दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. ढेकूण माणसाचा जीव घेत नाही, आणि त्याच्या चाव्यातून माणसांत एखादा रोग पसरतो असे आजवरच्या संशोधनातून सिद्ध झालेले नाही. म्हणून साप किंवा पिसाळलेले कुत्रे यांच्या बाबतीत पुढे करता येते ते प्राणरक्षणाचे कारण येथे पुरते लागू होत नाही. दुसरीकडे, तो सोसून घ्यावा असा किरकोळ जीवही नाही, कारण ज्या घरात तो माजतो तेथील मुले रात्रभर तळमळतात, म्हातारी माणसे अंग खाजवून रक्तबंबाळ करतात, आणि घरात ढेकूण आहेत हे कळेल या लाजेने पाहुण्यांना दार बंद होते. या प्रश्नाचा गाभा मारण्याच्या क्षणात शोधू गेल्यास हाती लागत नाही. तो त्याच्या बराच आधी, ढेकूण घरात शिरत आणि वाढत असताना गृहस्थ काय करीत होता, यात आहे.

त्यासाठी या जीवाची जगण्याची रीत प्रथम पाहावी लागते. उष्ण प्रदेशांत सायमेक्स हेमिप्टेरस ही ढेकणाची जात मुख्यतः आढळते, आणि थंड व समशीतोष्ण प्रदेशांत सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ मिलिमीटर लांबीचा असतो. अंड्यातून निघाल्यापासून प्रौढ होईपर्यंत तो पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी त्याला रक्त प्यावेच लागते. श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू आणि शरीराची ऊब यांच्या मागाने तो अंधारात माणसापर्यंत पोहोचतो, काही मिनिटांत पोट भरतो आणि खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत किंवा भिंतीच्या फटीत परततो. डासाच्या मादीला अंड्यांसाठी रक्त लागत असले तरी तिला फुलांच्या रसावर तग धरता येतो. ढेकणाला आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर रक्तावाचून दुसरे अन्न नाही. तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, पण पान, फळ, धान्य किंवा खरकटे खाऊन जगू शकत नाही. तुकोबांनी एका अभंगात ढेकणाच्या दृष्टीने बाज हाच केवढा गड ठरतो, याकडे लक्ष वेधले आहे. अभंगाचा रोख माणसाच्या कोत्या झेपेवर असला तरी त्यातले निरीक्षण अचूक आहे, कारण घरात वाढलेल्या ढेकणाला माणसाच्या अंथरुणापलीकडे जग नाही.

जैन दर्शनाने या जीवाला नेमके स्थान दिलेले आहे. त्या दर्शनात जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवरून होते: वनस्पतींसारखे स्थावर जीव केवळ स्पर्श जाणणारे, म्हणजे एकेंद्रिय, अळ्या आणि शंख यांसारखे जीव द्वींद्रिय, मुंगी, ऊ आणि ढेकूण हे स्पर्श, रस व गंध जाणणारे त्रींद्रिय. दोन किंवा अधिक इंद्रियांच्या हालत्या जीवांना त्रस म्हणतात, आणि श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, अहिंसा अणुव्रतात त्रस जीवांची जाणूनबुजून हत्या वर्ज्य ठरते. साधूचे महाव्रत सर्व जीवांना व्यापते. गृहस्थाला मात्र शेती, व्यापार, स्वयंपाक आणि घरदार सांभाळायचे असल्यामुळे हिंसेचे चार प्रकार कल्पून त्यातला एकच त्याने पूर्णपणे सोडावा असे सांगितले गेले. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी हिंसा, घरकामात अटळपणे घडणारी ती आरंभी, उपजीविकेत घडणारी ती उद्योगी, आणि आक्रमकाला थोपविताना घडणारी ती विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थालाही क्षम्य नाही.

ढेकूण या चौकटीत आला की ती चौकट कशी ताणली जाते हे पाहण्यासारखे आहे. स्वच्छतेसाठी चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या आणि त्यातले ढेकूण मेले, तर ती हिंसा आरंभी म्हणता येईल. रात्री चावणाऱ्याला थोपविले म्हणून ती विरोधीही ठरविता येईल. पण औषध फवारणाऱ्याने तेच ढेकूण मारण्यासाठी पैसे घेतले असतील आणि घरधन्याने त्याचसाठी दिले असतील, तर संकल्प नाकारता येणार नाही. पुष्कळदा गृहस्थ आपली हिंसा सोयीच्या कप्प्यात ठेवून मोकळा होतो. ढेकूण आहेत हे ठाऊक असूनही ‘चादरीच धुतो आहे’ असे मनाशी म्हणणे ही त्या वर्गीकरणाची फसवणूक आहे, कारण त्या वर्गीकरणाचा हेतू दोष लपविण्याचा नसून तो ओळखण्याचा होता.

याच परंपरेतील अधिक मूलगामी सूत्र उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आहे. तेथे हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाला प्रमादाशी जोडलेले आहे. प्रमाद म्हणजे राग-द्वेषाने किंवा बेफिकिरीने आलेले असावधपण. या सूत्रावरून पुढे द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद केला गेला: प्रत्यक्ष जीव जाणे ही पहिली, आणि मनातील कषायामुळे, म्हणजे क्रोध-लोभादी मलिनतेमुळे, होणारे आत्म्याचे पतन ही दुसरी. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हा भेद शेवटपर्यंत नेला आणि एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेकांचे रक्षण होते या युक्तिवादालाही ठाम नकार दिला. ढेकणाच्या प्रश्नात हा नकार गांभीर्याने घेतला पाहिजे, कारण ‘उपद्रवी आहे, म्हणून मारणे हे उपकाराचे काम’ अशी सोपी वाट तो बंद करतो. परंतु प्रमादाचे सूत्र मागच्या दिशेनेही चालते. एखाद्या गर्भवती मादीने घरात प्रवेश केला असता जो गृहस्थ महिनोन्‌महिने खाट हलवून पाहत नाही, त्याच्या असावधपणातून शेकडो जीव जन्मतात आणि मग एका दिवसात मारले जातात. त्या संहाराचा प्रारंभ विषाच्या फवाऱ्यापाशी नसून त्या महिन्यांच्या आळसात आहे.

न मारता जीव घराबाहेर सोडावा, ही सहृदय घरांतील सर्वमान्य रीत आहे. मुंगी, कोळी, भुंगा किंवा पाल यांच्या बाबतीत ती योग्यच आहे, कारण त्या जीवांना घराबाहेर जगता येते. ढेकणाला तसे बाहेर नाही. कागदात धरून तो अंगणात सोडला, तर तो एकतर उपासमारीने मरतो, किंवा मुंग्यांच्या तोंडी जातो, किंवा कोणाच्या तरी कपड्याला लागून दुसऱ्याच्या बिछान्यात पोहोचतो. पहिल्या दोन शक्यतांत मृत्यू केवळ नजरेआड होतो, आणि तिसरीत स्वतःचे दुःख शेजाऱ्याच्या मुलांच्या अंगावर ढकलले जाते. ढेकूण भरलेली गादी रस्त्यावर टाकून देणे हे याच प्रकारात मोडते, कारण टाकलेली गादी उचलून नेणारा माणूस बहुधा तिच्यावाचून जमिनीवर झोपणारा असतो. ज्या दयेचा भार नेहमी दुसऱ्यानेच वाहायचा असतो, तिला दया म्हणणे कठीण आहे.

या विचाराची कसोटी लागेल असे एक ऐतिहासिक उदाहरण सुरत शहरातले आहे. तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीत आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक आपल्या १६८९ च्या प्रवासाच्या वृत्तान्तात तेथील बनिया समाजाच्या प्राण्यांसाठीच्या इस्पितळाचे वर्णन करतो. गाई, घोडे आणि इतर जनावरांबरोबरच ढेकूण व पिसवा यांचीही तेथे जोपासना होत असे, आणि त्यांना अन्न मिळावे म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला मोबदला देऊन त्या खाटेवर रात्रभर निजविले जाई, इतकेच नव्हे, तर वेदना असह्य होऊन तो पहाटेपूर्वी पळून जाऊ नये म्हणून त्याला बांधून ठेवीत, असे त्याने लिहिले आहे. परक्या प्रवाशाच्या लेखनात ऐकीव गोष्टींची भर पडत असते आणि बांधून ठेवण्याचा तपशील तसा असू शकेल. पण कीटकांसाठी वेगळी जागा राखण्याची प्रथा गुजरातच्या पांजरपोळांत पुढेही होती, आणि किडे पडलेले धान्य तेथे नेऊन देणारी घरे होती.

या व्यवस्थेमागील करुणेची थट्टा करण्याचे कारण नाही. जगाच्या इतिहासात ज्या जीवाचा सर्वांनी केवळ तिटकारा केला, त्याच्या भुकेचाही विचार कोणी तरी केला, ही मानवी मनाची मोठी झेप आहे. तरीही तिच्यात एक खोल दोष राहतो, आणि तो शिबी राजाच्या कथेशी ताडून पाहिल्यास उघड होतो. ससाण्यापासून कबुतराला वाचविताना शिबीने ससाण्याची भूक नाकारली नाही. त्याने तराजूत मांस घातले, पण ते स्वतःचे. सुरतेच्या त्या खाटेवर दात्याने स्वतःचे शरीर ठेवले नाही. त्याने पैसा ठेवला आणि शरीर गरिबाचे घेतले. पुण्य एकाच्या खात्यावर आणि रक्त दुसऱ्याच्या अंगातले, अशी ही वाटणी आहे. त्रींद्रिय जीवाविषयी इतकी सूक्ष्म जाणीव असणाऱ्या समाजाला त्या पंचेंद्रिय माणसाची गरज दिसू नये, ही केवळ जुन्या काळाची गोष्ट नाही. आजही घरातील ढेकणांचा बंदोबस्त जो करतो, तो तोंडाला फडके बांधून दिवसभर विष हुंगणारा मजूर असतो, आणि त्याला हातमोजे मिळाले की नाहीत हे क्वचितच कोणी विचारते.

मराठी परंपरेत अहिंसेचे सर्वांत विस्तृत विवेचन शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आढळते. ज्ञानाच्या लक्षणांत गीतेने अहिंसा हा एकच शब्द ठेवला, पण ज्ञानदेवांनी त्यावर दीर्घ भाष्य केले आणि प्रथम इतर मतांची झडती घेतली. हिंसेतून अहिंसा साधू पाहणारे मीमांसक, एका जीवाच्या आरोग्यासाठी झाडांची मुळे खणणारे वैद्यक, आणि हिंसेच्या भयाने धान्यही न शिजविणारे कडक व्रती, या सर्वांना त्यांनी प्रश्न विचारला. शेवटच्या मताबद्दलचा त्यांचा आक्षेप येथे विशेष महत्त्वाचा आहे: त्यात स्वतःच्या प्राणांचे जे हाल होतात, तीही हिंसाच होय. ढेकणांना हात न लावण्याच्या व्रतापायी घरातील तान्ह्या मुलाची झोप रोज जात असेल, तर त्या व्रतीला हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. त्यानंतर ज्ञानदेव ज्या अहिंसेकडे वळतात, ती नियमांची यादी नसून चालण्याची, पाहण्याची आणि हात उचलण्याची रीत आहे. सूक्ष्म जीवांनी भरलेल्या जगात ज्ञानी पुरुष पाऊल किती जपून टाकतो, याचे ते वर्णन आहे. अशा पुरुषाकडूनही जीव जातील, पण त्याच्या हातून बेपर्वाई घडणार नाही, असा त्याचा आशय घेता येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न निघाला की सामान्यतः ज्ञानदेवांपेक्षा तुकोबांचा दाखला दिला जातो. भूतांचे पालन आणि कंटकांचे निर्दालन या दोन्हींना त्यांनी दया म्हटले आहे, आणि देव्हाऱ्यावर आलेल्या विंचवाला पायताणच योग्य, असेही त्यांचे वचन आहे. या वचनांचा आधार घेऊन ढेकूण चिरडणारा आपण धर्मच करीत आहोत असे समजतो. पण त्या दोन्ही ठिकाणी तुकोबांचे लक्ष्य माणूस आहे: ज्याला बरेवाईट कळते आणि तरी जो इतरांना छळतो, तो कंटक. ढेकणाला दुसरा आहार निवडता येत नाही, आणि ज्याला निवड नाही त्याला शिक्षाही असू शकत नाही. म्हणून ढेकूण मारणे गरजेचे असेल, पण ते दंड म्हणून कधीच करता येत नाही. त्यात सूडाचा भाव आला की ती कृती तत्त्वार्थसूत्राच्या अर्थाने पूर्ण हिंसा होते. अंथरुणात सापडलेला ढेकूण ‘माझे रक्त प्यायला’ म्हणून नखाने सावकाश चिरडण्यात किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरण्यात जी तृप्ती मिळते, तिच्याविषयी महाभारताचे आदिपर्व कठोर आहे. मांडव्य ऋषीला सुळावर चढावे लागले ते बालपणी त्याने किड्यांना गवताची काडी टोचल्यामुळे, असे यमधर्म तेथे सांगतो. हा दंड अपराधाच्या मानाने फार मोठा म्हणून मांडव्य उलट धर्मालाच शाप देतो आणि चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाला पाप लागणार नाही अशी मर्यादा घालतो. म्हणजे किड्याला खेळ म्हणून दिलेली वेदना हा अपराध आहे, हे कथेतील दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद आहे तो प्रमाणाचा आणि वयाचा.

प्रत्यक्ष ढेकणाचा उल्लेख करून दिलेला निर्णय बौद्ध विनयाच्या टीकेत मिळतो. भिक्षूंच्या नियमांत जाणूनबुजून प्राणी मारणे हा पाचित्तिय, म्हणजे दुसऱ्या भिक्षूपुढे कबूल करून ज्यातून मोकळे होता येते असा, अपराध आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘समन्तपासादिका’ ही अट्ठकथा, म्हणजे भाष्य, त्यावर सांगते की जीव लहान की मोठा यावरून येथे अपराध बदलत नाही. मंचक साफ करणाऱ्या भिक्षूने ढेकणाचे अंडे सजीव आहे हे जाणून, करुणा सोडून फोडले, तरी तो या अपराधास पात्र होतो, आणि म्हणून अशी कामे त्याने सावधपणे करावीत. या निर्णयातील विशेष हा की मंचक साफ करू नये, असे भाष्यकार म्हणत नाही. स्वच्छता भिक्षूचे कर्तव्यच आहे. ज्या विहारात मंचक रोज झाडला जातो, तेथे अंडी फोडण्याचा प्रसंगही विरळा येतो.

धर्मशास्त्राने गृहस्थाची कोंडी अधिक मोकळेपणाने कबूल केली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही गृहस्थाची पाच वधस्थाने, म्हणजे पंचसूना, सांगितली असून त्यांच्या दोषनिवारणासाठी पाच महायज्ञांचे विधान आहे. घर चालविताना जीव जातात, तो दोष आहे, आणि तरी घर चालविले पाहिजे, ही तिन्ही विधाने तेथे एकत्र ठेवलेली आहेत. त्यांपैकी एखादे गाळून मनाला स्वस्थता मिळविण्याची मुभा नाही. अकराव्या अध्यायात हाडे नसलेला क्षुद्र जीव मेल्यास प्राणायाम पुरेसा मानला आहे, पण असे गाडीभर जीव मारल्यास शूद्रहत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. ज्या ग्रंथाने माणसाच्या एका वर्गाचे मोल गाडीभर किड्यांइतके ठरविले, त्याची ती मोजणी आज कोणीही स्वीकारू नये. अशा तुलनेने कीटकाला मोठेपण येत नाही, माणसाचा मात्र अपमान होतो. संख्येने दोष वाढतो, हा तिच्यातला एक मुद्दा तेवढा त्या विषमतेपासून वेगळा काढून घेता येतो.

संख्येचा आणि समाजाच्या आधीच्या निष्काळजीपणाचा संबंध गांधीजींनी स्पष्ट केला. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारविली, तेव्हा उठलेल्या वादळात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहून ते कृत्य त्या परिस्थितीत अटळ ठरविले. कुत्र्यांना मालक नसणे, त्यांना वाटेल तेथे तुकडे टाकून पुण्य मिळविणे आणि त्यांची जबाबदारी मात्र कोणीच न घेणे, यात त्यांना समाजाचा दोष दिसला. कुत्रे आणि ढेकूण यांत अंतर पुष्कळ आहे, तरीही युक्तिवादाची घडण येथे उपयोगी पडते: वेळीच पार न पाडलेले कर्तव्य पुढे हिंसेच्या रूपाने वसूल होते.

ढेकणांच्या बाबतीत हे वेळीच करण्याचे कर्तव्य फार साधे आहे. जुने फर्निचर किंवा प्रवासातले सामान घरात घेण्यापूर्वी सांधे व शिवणी तपासणे, खाटेच्या फटी बुजविणे, आणि पहिला ढेकूण किंवा चादरीवरचा रक्ताचा काळसर ठिपका दिसताच कपडे उकळत्या पाण्यात घालून खाटेच्या फटीफटीत वाफ सोडणे, एवढ्याने बहुधा काम भागते. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत काही काळ राहिल्यास ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गादी नुसती उन्हात टाकण्याची जुनी रीत त्यामानाने अपुरी आहे, कारण आतली उष्णता तितकी चढत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. या उपायांतही मृत्यू आहे. पण तो दहा-वीस जीवांचा आहे, हजारांचा नाही. विषाच्या अर्धवट माऱ्याने मात्र मरण लांबत जाते. १९४७ साली हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या नौदल बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले, आणि तेव्हापासून एकेक औषध निरुपयोगी ठरत आलेले आहे. वाचलेल्यांची संतती त्या विषाला दाद देत नाही, म्हणून अधिक तीव्र विष आणावे लागते.

या साखळीचे सर्वांत भीषण टोक माणसाच्या मृत्यूशी पोहोचते. धान्याच्या कोठारांसाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही लोक ढेकणांसाठी राहत्या घरात ठेवतात. ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोल्यांत शिरतो. अशा प्रकारांत निजलेली माणसे आणि लहान मुले दगावल्याच्या घटना भारतात वारंवार घडल्या आहेत. आरंभी, विरोधी किंवा अटळ अशा कोणत्याही सवलतीत ही हिंसा बसत नाही. जैन, बौद्ध वा ज्ञानदेवांच्या कोणत्याही मापाने ती शुद्ध प्रमादाची हिंसा आहे. चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने या गोळ्या घरात आणू नयेत, आणि पहिला ढेकूण दिसताच लाज बाजूला ठेवून शेजाऱ्यांना सांगावे, म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांच्या खाटा एकाच वेळी साफ करता येतील.